कुडलचा लेख हजार वर्षांचा कशावरून? स्थानिक इतिहासकाराच्या कामाची ओळख

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठी किती जुनी, या चर्चेला तेव्हापासून ऊत आला आहे आणि सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव त्यात हमखास निघतं: हत्तरसंग कुडल. सोलापुरापासून चाळीसेक किलोमीटरवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, सीना भीमेला मिळते तिथलं हे ठिकाण. पलीकडच्या काठावर कर्नाटक. इथल्या संगमेश्वर मंदिराच्या एका तुळईवर, म्हणजे खांबांवर आडव्या टाकलेल्या दगडावर, शके ९४० चा लेख आहे. त्याच्या शेवटी येतं: ‘वाछि तो विजेया होईवा’. जो वाचेल तो विजयी होईल. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी हा लेख प्रकाशात आणला. कोरलेल्या तारखेसह मिळालेला मराठीचा सर्वांत जुना लेख म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

बातमी इथं संपते आणि वाचकाचे प्रश्न इथूनच सुरू होतात. दगडावरच्या एका ओळीवरून हजार वर्षांचा दावा कसा करता येतो? तो करणारी माणसं कोण असतात आणि वर्षानुवर्षं ती करतात तरी काय? ‘स्थानिक इतिहासकार’ म्हटलं की आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनात गावाचा इतिहास सांगणारे गृहस्थ आठवतात. प्रत्यक्षातलं काम खूप वेगळं आहे. कुडलची ओळ समजून घ्यायची तर हे काम आधी समजून घ्यायला हवं.

दगड तर गावकऱ्यांना माहीतच होता, मग शोध कसला?

आक्षेप रास्त आहे. देवळात रोज दिवा लावणाऱ्या माणसाला तुळईवर काहीतरी कोरलंय हे दिसतच असतं. पण ‘काहीतरी कोरलंय’ इथपासून ‘शके ९४०’ इथपर्यंतचा रस्ता फार लांब आहे. आधी अक्षरं ओळखायची, मग शब्द तोडायचे, तारीख तपासायची, राजाचं आणि गावाचं नाव इतर लेखांशी ताडून पाहायचं. शेवटी आपलं वाचन छापून इतरांपुढे ठेवायचं, म्हणजे त्यांना चूक काढता येईल. यातला शेवटचा टप्पा गाळला तर शोध होत नाही. वहीत राहिलेलं वाचन इतिहासाच्या उपयोगाचं नसतं.

कुंभार यांच्या नावाशी कुडलचा लेख कायमचा जोडला गेला आहे. मला मात्र त्यांचं दुसरं काम त्याहून मोलाचं वाटतं. धारवाडचे विद्वान श्रीनिवास रित्ती यांच्यासोबत त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या शिलालेखांचा संग्रह सिद्ध केला आणि १९८८ साली तो प्रसिद्ध झाला. एक लेख वाचणं ही घटना असते. जिल्हाभरचे लेख गोळा करून, वाचून, क्रमानं लावणं यात उमेदीची सगळी वर्षं जातात. असा संग्रह हाताशी असला की पुढे नव्यानं सापडणारा दगड एकटा राहत नाही. त्याच्या आगेमागे, शेजारीपाजारी काय होतं ते लगेच दिसतं. एका दगडाचं वय दुसऱ्या पन्नास दगडांमुळे कळतं. या साऱ्या विषयाची किल्ली हीच आहे.

लेखात असतं तरी काय?

बहुतेक जुने लेख राजांच्या पराक्रमासाठी कोरलेले नसतात. ती दानपत्रं असतात. आजचं खरेदीखत डोळ्यांसमोर आणा: वर तारीख, मग कोण देतो, कोणाला देतो, किती जमीन, चतुःसीमा काय, साक्षीदार कोण. हजार वर्षांपूर्वीचा दानलेख जवळपास याच बेतानं चालतो. आरंभी देवाचं नमन, मग राज्य करणाऱ्या राजाच्या पदव्या, शक, महिना, तिथी, वार, संक्रांत किंवा ग्रहण असा पर्वकाळ. त्यानंतर दान: देवळाच्या दिव्याला तेल, पुजाऱ्याला जमीन, बाजारपेठेतल्या करातला वाटा. मग शेताच्या सीमा. साक्षीला सूर्य-चंद्र.

शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. ‘स्वदत्तां परदत्तां वा’ हा श्लोक भारतभर शेकडो लेखांत येतो: स्वतः दिलेली किंवा दुसऱ्यानं दिलेली जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. संस्कृत न कळणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात दान मोडणाऱ्याला दिलेला शाप चित्रातही कोरत. त्या दगडांना गधेगाळ म्हणतात. त्यांच्यावरचं चित्र अश्लील आहे म्हणून गावं ते दगड लपवतात किंवा पालथे टाकतात. ते करू नये असं मला मनापासून वाटतं, कारण चित्राच्या वर किंवा खाली बऱ्याचदा मजकूर असतो.

आता यातून निघतं काय ते पाहा. तेलाचं दान असेल तर गावात तेलघाणे होते. करातला वाटा दिला असेल तर तिथं बाजार भरत होता. सीमेत ओढा, तळं, रस्ता आला की त्या काळचा नकाशाच हाती लागतो. राजवाड्यातल्या बखरीत शिवाराचा असा तपशील सापडत नाही.

वाचतात कसं?

भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना शिलालेख पाहायला गेलात तर बहुधा काहीच दिसणार नाही. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं पडलं की खाचांत सावली उतरते आणि अक्षरं वर येतात.

नक्कल घ्यायची जुनी रीत म्हणजे ठसा. दगड पाण्यानं आणि मऊ ब्रशनं स्वच्छ करतात. त्यावर ओला कागद पसरून ब्रशनं ठोकत नेतात, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचांत बसतो. थोडा सुकला की वरून शाईची गादी फिरवतात. वरचा भाग काळा होतो, खाचेतला कागद पांढरा राहतो. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांचा हा कागद घरी आणून महिनोन्‌महिने पुढ्यात ठेवता येतो. कारण वाचन एका बैठकीत होत नाही. अर्धं अक्षर झिजलेलं असतं, ते ‘व’ आहे की ‘ध’ यावर गावाचं नाव बदलतं.

आता मोबाईल आहे, दगडाची त्रिमिती प्रतिकृती करणारी साधनंही आहेत, मग माणूस कशाला, असं कोणी विचारेल. साधनं दाखवतात, ओळखायचं आपल्यालाच असतं. जुन्या नागरीत ‘के’ लिहिताना मात्रा आजच्यासारखी डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभी रेघ म्हणून देत. तिला पडिमात्रा म्हणतात. हे ठाऊक नसेल तर ती रेघ काना समजून माणूस आदल्या अक्षराला जोडून टाकतो. आणि अशा अक्षरवळणांवरून काळही कळतो, पण त्यासाठी तारीख असलेले भरपूर लेख आधी पाहिलेले लागतात.

शके ९४० म्हणजे नक्की कधी?

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. वर्षाच्या शेवटच्या दोन-अडीच महिन्यांसाठी ७९. म्हणून शके ९४० हे १०१८-१९. पण आकडा खोटा किंवा चुकीचा वाचलेला असू शकतो ना? असतोच. जमीन लाटण्यासाठी केलेले बनावट ताम्रपट काही कमी नाहीत. म्हणून दुसरी साक्ष घेतात.

पंचांगातल्या साठ संवत्सरांचं चक्र तुम्हाला माहीत आहे. गुढीपाडव्याला नवं नाव ऐकतो ते. दख्खनात चालत आलेल्या पद्धतीत शकात १२ मिळवून ६० नं भागा, जी बाकी उरेल तितक्या क्रमांकाचं संवत्सर. शके १९४६ घेऊन पाहा: बाकी ३८, म्हणजे क्रोधी, २०२४ च्या पाडव्याला हेच नाव होतं. शके ९४० ला बाकी ५२ उरते आणि बावन्नावं संवत्सर कालयुक्त. म्हणजे शके ९४० सांगणाऱ्या लेखात संवत्सर दिलं असेल तर ते कालयुक्त हवं. तिथी आणि वार दिले असतील तर तेही गणितानं जुळतात का पाहायचं. शिवाय त्या वर्षी या भागावर कोण राज्य करत होतं? कल्याणीचा चालुक्य जयसिंह, दुसरा. लेखात भलत्याच राजाचं नाव आलं तर कान टवकारायचे. असं चहूबाजूंनी पारखलेलं वर्षच तारीख म्हणून पुढे ठेवता येतं.

मग श्रवणबेळगोळचं काय? आक्षीचं काय?

हा वाद नेहमी पेटतो, म्हणून जरा थांबून पाहू. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ‘श्री चावुण्डराजें करवियलें’ हे मराठीचं पहिलं वाक्य म्हणून पाठ केलं. कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी ते आहे आणि मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची आहे. पण त्या ओळीत तारीख नाही. शेजारच्या दुसऱ्या ओळीत गंगराजानं भोवतीचं बांधकाम करवल्याचा उल्लेख आहे आणि तो गंगराज बाराव्या शतकातला, कर्नाटकातल्या होयसळ राजांचा सेनापती. दोन्ही ओळींच्या अक्षरांचं वळण सारखं, म्हणून पहिलीही नंतरच कोरली असावी असं काही अभ्यासक मानतात.

अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखात तारीख आहे. प्राचीन मराठी लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी ती शके ९३४ वाचली, म्हणजे कुडलच्याही आधीची. पण तोच आकडा वेगळा वाचणारे विद्वानही आहेत आणि त्यांच्या वाचनानं लेख दोनेकशे वर्षं अलीकडे सरकतो.

कुडलचं महत्त्व आहे ते या दोन्ही अडचणींच्या पार्श्वभूमीवर. उद्या याहून जुना, स्पष्ट तारखेचा लेख निघाला तर कुडलचा पहिला क्रमांक जाईल आणि ते आनंदानं मान्य करायला हवं. क्रमांक गेला म्हणून लेख काही हलका होत नाही.

आणखी एक गैरसमज. अभिजात भाषा म्हणजे दीड-दोन हजार वर्षांचा वारसा, मग लेख हजारच वर्षांचा कसा? शिलालेख भाषेचा जन्मदाखला नसतो. त्या वर्षी ती अमुक रूपात वापरात होती, एवढंच तो सांगतो. त्याआधीचा धागा नाणेघाटासारख्या लेखांतल्या प्राकृताकडे जातो. शिवाय कोणी तरी दगडावर खर्च करून मराठी कोरवली, म्हणजे ती वाचणारे लोक तिथं आधीपासून असणार.

सोलापुरात एवढे कन्नड लेख कसे?

जिल्ह्यातले लेख पाहायला लागलं की पहिला धक्का हाच बसतो. आजच्या राज्यसीमा १९५६ आणि १९६० च्या. अकराव्या-बाराव्या शतकात इथं राज्य होतं कल्याणीच्या चालुक्यांचं, म्हणजे आजच्या बसवकल्याणचं, आणि त्यांचा कारभार कन्नडात चाले. मंगळवेढा ही कलचुरी राजघराण्याची जुनी राजधानी. बसवेश्वरांच्या कारकिर्दीचा आरंभीचा काळ तिथं गेला. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात सोळखांबीतल्या, म्हणजे सोळा खांबांच्या मंडपातल्या, तुळईवर शके ११५९ चा, होयसळ सोमेश्वराच्या काळचा लेख आहे, तो संस्कृत आणि कन्नडात. मराठी-कन्नड-तेलुगू-उर्दू एकाच गल्लीत ऐकणाऱ्या सोलापूरकराला खरं तर याचं नवल वाटू नये.

परिणाम असा की सोलापूरचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला जुनी कन्नड शिकावीच लागते. पुढच्या काळासाठी फारसी, त्याच्याही पुढे मोडी. सोलापूर आणि धारवाड मिळूनच जिल्ह्याचा लेखसंग्रह का झाला, ते यावरून कळतं. भाषेच्या अभिमानापोटी निम्मे दगड बाजूला सारणाऱ्याला या जिल्ह्याचा इतिहास लिहिता येणार नाही.

लेखच नसेल तर?

बहुतेक देवळांवर आणि मूर्तींवर एकही अक्षर नसतं. तिथं इतिहासकाराला कलेचा अभ्यासक व्हावं लागतं. खांबांचा घाट, दाराच्या चौकटीवरच्या पट्ट्यांची (द्वारशाखांची) नक्षी, मूर्तीचे दागिने, चेहऱ्याची ठेवण यांचंही वळण काळाप्रमाणे बदलतं. तारीख माहीत असलेल्या देवळाशी बिनतारखेचं देऊळ ताडून पाहायचं, ही रीत लेखांसारखीच.

आपल्याकडे काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं कुठलंही देऊळ दिसलं की ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतात. हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा प्रधान, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळात रामचंद्र यादवाच्या काळचे लेख आहेत, तिथं त्याचा काळ तरी जुळतो. पण कुडलची लेख असलेली तुळई हेमाद्रीच्या प्रधानकीच्या सुमारे दोनशे चाळीस वर्षं आधीची आहे. एका शब्दानं आपण अडीच शतकं गिळून टाकतो.

मूर्तींचं शास्त्र तर फारच देखणं आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. चार वस्तू चार हातांत चोवीस प्रकारे देता येतात आणि प्रत्येक मांडणीला वेगळं नाव: केशव, नारायण, माधव असं संध्येतल्या चोवीस नावांपर्यंत. म्हणून अभ्यासक आधी मूर्तीचे हात बघतो. आता पंढरीचा विठोबा पाहा: दोनच हात, कटीवर ठेवलेले, पायांखाली वीट. चोवीसांत तो कुठेच बसत नाही. हा प्रश्न ग. ह. खरे यांनी हाती घेतला. जन्म १९०१ चा, कर्मभूमी पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ. त्यांनी फारसी साधनं वाचली, कन्नड लेख वाचले, मूर्तिविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं आणि विठ्ठल व पंढरपूर यांचा लेख, मूर्ती, ग्रंथ अशा सगळ्या बाजूंनी अभ्यास केला. लेख आणि कला ही दोन खाती एकाच माणसाला का सांभाळावी लागतात, ते त्यांचं काम पाहिलं की पटतं.

कुडललाच आणखी एक कोडं आहे. तिथल्या शिवलिंगावर ओळीनं कोरलेली ३५९ मुखं मोजली गेली आहेत. लिंग धरून ३६०. लेखानं तारीख सांगितली, पण या मुखांबद्दल तो काही सांगत नाही. तिथं मूर्तीचा अभ्यासकच हवा.

यानं श्रद्धेला धक्का बसत नाही का?

कधी कधी बसतो, हे लपवण्यात अर्थ नाही. सोळा गावं मिळून सोलापूर झालं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. लेख वेगळं सांगतात. बाराव्या शतकातले संत सिद्धरामेश्वर, म्हणजेच सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, यांच्या काळात गावाचं नाव सोन्नलगी असं येतं. मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शके १२३८ च्या लेखात सोनलीपूर. सोलापूरच्या किल्ल्यातल्या एका लेखात सोनलपूर, तिथल्याच विहिरीवरच्या लेखात संदलपूर. नावाची ही उतरण डोळ्यांसमोर असताना सोळा गावांना आधार उरत नाही. पण यात सिद्धेश्वराचं काही उणं झालं का? उलट गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वज धरणाऱ्याला आपण सोन्नलगीच्या आठ-नऊशे वर्षांच्या परंपरेत उभे आहोत हे दगडाच्या साक्षीनं कळलं.

विठ्ठलमूर्ती कोणत्या शास्त्रात बसते याची चर्चा झाली म्हणून वारी एका माणसानंही कमी झाली नाही. भक्त आणि अभ्यासक एकाच मूर्तीपुढे वेगवेगळे प्रश्न घेऊन उभे असतात, आणि पुष्कळदा ती दोन्ही माणसं एकच असतात.

यावर पोट भरतं का?

क्वचित. विद्यापीठं, राज्याचं पुरातत्त्व खातं, केंद्राचं पुरातत्त्व सर्वेक्षण एवढ्याच पगारी जागा, त्याही मोजक्या. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते २००४ साली. त्याआधीचं, आणि खरं म्हणजे त्यानंतरचंही, पुष्कळसं काम नोकरी सांभाळून रविवारी एसटीनं खेडी पालथी घालणाऱ्या माणसांनी केलं आहे. कागद, शाई, प्रवास पदरचा. अशा माणसाच्या वाट्याला सत्कार येतात, शाल-श्रीफळ येतं. पण त्याचे ठसे आणि वह्या नीट ठेवायला कपाट कोणी देत नाही. तो गेल्यावर घरच्यांना त्या रद्दीचं काय करावं कळत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या ग्रंथालयानं असे संग्रह स्वीकारून त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात, ही मागणी मला सत्कारापेक्षा तातडीची वाटते. कारण कित्येक दगड नंतर नाहीसे होतात आणि तो ठसाच उरतो.

दगड नाहीसे कसे होतात?

बहुतेक वेळा प्रेमापोटी. जीर्णोद्धारात ऑइल पेंटचे थर चढतात, अक्षरं बुजतात. रंग काढायला वाळूचा जोरदार फवारा मारतात, त्यात उरलीसुरली कडाही जाते. फरशी बसवताना लेखाचा दगड पालथा पडतो. पंढरपूरच्या मंदिरातला चौऱ्यांशीचा लेख हे सगळ्यांत बोलकं उदाहरण. शके ११९५ ते ११९९ या काळात गावोगावच्या भक्तांनी देवळाला दिलेल्या देणग्या त्यात नोंदल्या आहेत. रामचंद्र यादव आणि हेमाद्री यांची नावं त्यात आहेत. त्या दगडाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी श्रद्धा रूढ झाली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाठींनी अक्षरं झिजली. ज्यांनी देणग्या दिल्या त्यांची नावं भक्तांच्याच पाठींनी पुसली.

दगड उचलून ‘सुरक्षित’ जागी हलवणंही तितकंच घातक. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड, वेशीवर होता की नदीच्या उताराशी, यावरून लढाई गुरं वळवून नेणाऱ्यांशी झाली की सैन्याशी, याचा माग लागतो. तो बागेत नेऊन लावला की शिल्प राहतं, साक्ष अर्धी होते.

तुमच्या शिवारात असा दगड दिसला तर त्यावर तेल, शेंदूर, खडू, पीठ काही लावू नका. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात फोटो काढा. एक जवळून, एक लांबून, आजूबाजूची झाडं-घरं दिसतील असा. दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते आणि गावात त्याला काय म्हणतात ते लिहून ठेवा. मग पुरातत्त्व खात्याला किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला कळवा. आणि नांगरताना, पाया खणताना जमिनीतून काही निघालं, तर मामला वेगळा आहे: १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे.